बांज : हिमालयांतील ओक ओळखावा कसा



ओकचें झाड आपल्यापैकीं फार थोड्यांनीं पाहिलें असेल. परंतु ओकची एक वस्तु मात्र आपल्या बहुतेक घरांतून केव्हांना केव्हां तरी येऊन गेलेली आहे. बाळगुटीच्या सामानांत हळकुंड, वेखंड, मुरडशेंग, जायफळ ह्यांच्या जोडीला बोराएवढी, गोल, खडबडीत आणि काळपट अशी एक गोटी असते. तिला आपण मायफळ म्हणतों. नांवांत फळ असलें तरी तें फळ नव्हे. आशियामायनर आणि इराण ह्या बाजूस वाढणाऱ्या एका ठेंगण्या ओकच्या कोवळ्या डहाळीवर गांधीलमाशीच्या गोतांतली एक चिमुकली माशी अंडें घालते. त्या जागीं डहाळी सुजून गांठ बनते, आणि माशीची अळी त्या गांठीच्या पोटांत वाढते. तीच गांठ वाळवून बाजारांत येते. अळीची माशी झाली म्हणजे ती गांठीला भोंक पाडून निघून जाते. म्हणून भोंक असलेलें, फिकें आणि हलकें मायफळ कमी प्रतीचें, व भोंक नसलेलें, निळसर काळें आणि हाताला जड लागणारें तें उत्तम, असें जाणते काष्ठौषधीवाले मानतात, तें अगदीं बरोबर आहे. ह्याच गांठींच्या काढ्यांत हिराकस मिसळून युरोपांत कित्येक शतकें लिहिण्याची शाई करीत असत. बाटलीचें बूच हीहि ओकचीच देणगी. पोर्तुगाल व स्पेन ह्या देशांतील एका ओकच्या जाड सालीपासून तें कापतात. (आपल्याकडील ओक हें आडनांव ह्या झाडावरून पडलें काय, असा प्रश्न मुलें हटकून विचारतात. आडनांवाचा आणि ह्या इंग्रजी शब्दाचा कांहींएक संबंध नाहीं.)

आज मला आपणांशीं बोलावयाचें आहे तें मात्र परदेशच्या ओकविषयीं नव्हे, तर आपल्या देशांत आपोआप वाढणाऱ्या ओकविषयीं. सह्याद्रींत, सातपुड्यांत, निलगिरींत, फार काय दक्षिण भारतांत कोठेंहि ओक रानांत उगवत नाहीं. त्याचें बीं जड, पाण्यावर तरून दूर न जाणारें आणि वाळलें कीं मरणारें. हिमालयाच्या थंड उतारांवरून निघून गंगेचें तापलेलें मैदान ओलांडून इकडे यावें हें त्याच्यानें होण्यासारखें नाहीं. परंतु हिमालयांत तो विपुल आहे, आणि मसुरी, नैनीताल, केदार-बदरी ह्या वाटेनें दर वर्षीं हजारों मराठी माणसें त्याच्या सावलींतून जातात. जातात आणि तो न ओळखतां परत येतात, हीच तर गोष्ट आहे.

ह्याचें कारण असें कीं, आपल्या मनांत ओकचें जें चित्र आहे तें इंग्रजी पुस्तकांतून आलेलें आहे. इंग्लंडांत ओकच्या दोन जाती मूळच्या आहेत. एकीचें फळ लांब देंठाला लोंबतें आणि दुसरीचें डहाळीला चिकटून बसतें; पान मात्र दोहोंचें सारखेंच, म्हणजे कडा गोल गोल लाटांनीं कापलेल्या, जणूं कोणी कागदाचे अर्धचंद्र कातरून काढले आहेत. हिंवाळ्यांत हीं झाडें निष्पर्ण होतात. हें चित्र मनांत धरून कोणी नैनीतालला गेला, तर ओकच्या रानांतून तीन तास चालूनहि त्याला एकसुद्धां ओक भेटणार नाहीं. कारण पश्चिम हिमालयांतील नेहमींच्या ओकचें पान तसें नसतेंच, आणि तो हिंवाळ्यांत उघडाबोडकाहि होत नाहीं.

दुसरा घोंटाळा आपल्या अधिक जवळचा आहे. पुण्या-बंगळूरच्या जुन्या बंगल्यांभोंवतीं आणि कूर्ग-निलगिरींतील चहा-कॉफीच्या मळ्यांत 'सिल्व्हर ओक' ह्या नांवाचें एक उंच, सरळ झाड लावलेलें असतें. पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांत ह्यालाच ओक समजतात. हें झाड मूळ ऑस्ट्रेलियाचें, आणि ओकच्या कुळाशीं त्याचें दूरचेंहि नातें नाहीं. त्याचें पान नेच्याच्या पानासारखें चिरलेलें असतें, फुलें नारिंगी-पिवळीं आणि फणीच्या दातांसारखीं एका बाजूला उभीं राहिलेलीं, आणि फळ म्हणजे एक चपटी, चोंच असलेली होडी. साहेबलोकांना त्याच्या लांकडांतील रेषा ओकसारख्या दिसल्या आणि पानाची पाठ रुपेरी दिसली, तेवढ्यावर नांव पडलें. तीच गत आपल्या बुचाच्या झाडाची. लांब पांढऱ्या सुवासिक फुलांचा सडा टाकणाऱ्या ह्या झाडाची साल बुचासारखी मऊ, म्हणून त्याला बूच म्हणावयाचें. खऱ्या बुचाच्या ओकशीं त्याचा संबंध नाहीं.

मग खरा ओक कोणता? जगांत ओकच्या चारशेंहून अधिक जाती आहेत आणि त्यांचीं पानें इतक्या तऱ्हांचीं आहेत कीं, पानांवरून सर्वांना लागू पडेल अशी एकहि खूण सांगतां येत नाहीं. फळाची गोष्ट मात्र वेगळी. ओकचें फळ म्हणजे एक गुळगुळीत, कठीण कवचाचें, टोंकाला बारीक कांटा असलेलें बीं. आकारानें लहानशा सुपारीएवढें. तें नेहमीं एका खरखरीत वाटींत बसविलेलें असतें, आणि पिकलें म्हणजे वाटींतून निसटून खालीं पडतें. इंग्रजींत ह्याला एकॉर्न म्हणतात. वाटींत बसलेली सुपारी दिसली कीं पश्चिम हिमालयांत तरी दुसरा पुरावा शोधण्याची गरज नाहीं. पूर्व हिमालयांत आणि आसामकडील डोंगरांत ओकचा एक चुलतभाऊ आहे, त्यालाहि अशीच वाटी असते. परंतु त्याच्या नरफुलांच्या मंजिऱ्या ताठ उभ्या राहतात आणि ओकच्या खालीं लोंबतात. झाडाखालीं पाचोळा थोडा उकरला तर वर्षांतील बहुतेक दिवसांत जुनी रिकामी वाटी सांपडते. वर पाहण्यापूर्वीं खालीं पाहावें, हा झाडें ओळखण्याच्या विद्येंतला एक उपयुक्त नियम आहे.

आतां बांजाकडे वळूं. गढवाल आणि कुमाऊं, म्हणजे आतांचें उत्तराखंड, तेथें ओकच्या पांच जाती सामान्यपणें आढळतात; त्यांतील सर्वांत परिचित, गांवांना सर्वांत जवळचा आणि लोकांच्या बोलण्यांत सर्वांत जास्त येणारा तो बांज. साधारण ४,००० पासून ८,००० फुटांपर्यंतच्या उंचीवर तो वाढतो. मराठी कानाला हें नांव 'वांझ' ह्या शब्दासारखें लागतें. व्युत्पत्ति कांहीं असो. ज्या झाडाच्या मुळाशीं गोड पाण्याचा झरा असतो असें पहाडी माणूस अभिमानानें सांगतो, त्याला हें नांव शोभत नाहीं खरें.

बांजाचें पान हातांत घेतां आलें म्हणजे अर्धें काम झालें. तें अडीच ते सहा इंच लांब, एक ते सव्वादोन इंच रुंद, टोंकाकडे निमुळतें होत जाणारें आणि चामड्यासारखें चिवट असतें. कडेला करवतीसारखे दांते असतात, आणि मधल्या शिरेपासून निघालेली प्रत्येक बाजूची शीर सरळ जाऊन एकेका दांत्याच्या टोंकांत संपते. पानाच्या बुडाशीं थोडा भाग बिनदांत्यांचा राहतो. वरची बाजू गडद हिरवी आणि गुळगुळीत. आतां पान उलटें करा. खालची बाजू पांढरी, राखी झांक असलेली, आणि बोट फिरविलें तर लोंकरीच्या कापडासारखी लागेल. ही लव इतकी दाट असते कीं नखानें खरवडली तर खालून हिरवा रंग डोकावतो. हीच बांजाची मुख्य खूण. वाऱ्याची झुळूक आली म्हणजे हजारों पानें एकदम उलटतात आणि काळपट हिरवा डोंगर क्षणभर रुपेरी होतो. समोरच्या उतारावर हा पालट दिसला तर दुर्बिणीवांचूनहि तें रान बहुधा बांजाचें आहे असें म्हणतां येतें.

शास्त्रीय नांवांतहि हीच खूण गोंविलेली आहे. रॉक्सबर्ग ह्या वनस्पतिशास्त्रज्ञानें ह्या झाडाला 'क्वेर्कस इन्काना' म्हणजे पिकल्या केंसांचा ओक असें नांव दिलें होतें; परंतु तेंच नांव अमेरिकेंतील एका ओकला आधींच दिलें गेलें होतें, आणि शास्त्राच्या नियमाप्रमाणें एका नांवावर दोघांना हक्क सांगतां येत नाहीं. म्हणून आमे कामू ह्या फ्रेंच विदुषीनें 'क्वेर्कस ल्यूकोट्रिकोफोरा' हें नवें नांव दिलें. उच्चाराला तें अवघड आहे, परंतु ग्रीक शब्द फोडला तर अर्थ सरळ निघतो : पांढरे केंस वाहणारा. ज्यांच्या संग्रहीं ब्रांडिसचा १८७४ चा ग्रंथ किंवा त्या काळचीं इतर पुस्तकें असतील, त्यांनीं बांजाचा शोध जुन्या नांवाखालीं घ्यावा.

हीं पानें झाडावर वर्षभर असतात. वसंतांत जुनीं गळूं लागतात, आणि त्याच सुमारास नवी पालवी फुटते. ही पालवी हिरवी नसते. गुलाबी-जांभळट रंगाची, दोन्ही अंगांनीं लवदार आणि लोंबती असते. आपल्याकडील आंब्याची किंवा पिंपळाची तांबूस पालवी डोळ्यांसमोर आणा आणि तिच्यावर थोडी पिठी भुरभुरा, म्हणजे कल्पना येईल. हिल स्टेशनवर जाणारीं आपलीं कुटुंबें मुलांच्या परीक्षा संपल्यावर निघतात. तोंवर हा रंग ओसरूं लागलेला असतो, हें दुर्दैव.

परंतु पांढऱ्या पाठीचें चिवट पान एवढ्यावरच निकाल देऊं नये. बांजाच्या रानांत त्याचा अगदीं खांद्याला खांदा लावून एक दुसरें झाड उभें असतें, तो बुरांस. ज्याचीं लालभडक फुलें फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान डोंगर पेटवून देतात. फुलें असतांना प्रश्नच नसतो. तीं गळून गेल्यावर मात्र नवखा माणूस येथें फसतो, कारण बुरांसाचें पानहि जाड, वरून हिरवें आणि खालून रुपेरीच असतें. तेव्हां कडा पाहा : बुरांसाची कड एकसारखी, दांत्याचा मागमूसहि नसलेली, आणि पानें डहाळीच्या शेंड्याला झुबक्यानें जमलेलीं. शिवाय बुरांसाची साल तांबूस असून तिचे पापुद्रे निघतात. बांजाची साल काळपट करडी, खडबडीत, लहान लहान भेगांनीं तडकलेली. ह्या दोघांच्या सोबतीला काफळ असतो, ज्याचीं आंबटगोड लाल फळें पहाडी मुलें उन्हाळ्यांत टोपल्यांतून विकतात; त्याच्या पानाची पाठ फिकी हिरवी, लोंकर नाहीं. आणि अयार असतो. त्याच्या सालीच्या भेगा खोडाभोंवतीं पीळ घालीत वर चढलेल्या दिसतात आणि हिंवाळ्यांत त्याचीं पानें गळतात. ही चौकडी एकदां ओळखीची झाली कीं सहा हजार फुटांवरील रान परकें वाटत नाहीं.

झाडाच्या एकंदर आकारावर मात्र विश्वास ठेवूं नये असें मी आग्रहानें सांगतों. मोकळ्या जागीं निर्वेध वाढलेला बांज ४० ते ६० फूट उंच, गोल आणि दाट डोक्याचा, पावसाळ्यांत खोडावर शेवाळ, नेचे आणि आमरी बाळगणारा असा भारदस्त वृक्ष असतो. पण असा बांज देवळाच्या आवारांत किंवा राखलेल्या वनांतच पाहावयास मिळतो. गांवाजवळचा बांज म्हणजे एक वांकडातिकडा खांब आणि त्याच्या शेंड्याला पानांचा एक झुबका. हिंवाळ्यांत गवत संपलें म्हणजे पहाडी स्त्रिया झाडावर चढून कोयत्यानें डहाळ्या छाटतात आणि भारे पाठीवर घेऊन गुरांसाठीं घरीं नेतात. दर वर्षीं हें चाललें म्हणजे झाड जगतें, परंतु त्याचें रूप जातें आणि फळहि धरत नाहीं. चित्रांतल्या वृक्षाशीं ह्या खांबाची तुलना करणारा हा दुसराच कोणी म्हणून पुढें निघून जाईल. पान मात्र दोघांचें एकच.

फुलें पाहणाराला एप्रिल-मेमध्यें जावें लागेल. त्यांत नजरेला सुख देण्यासारखें कांहीं नाहीं, कारण परागाचें काम वारा करतो आणि वाऱ्याला रंगाचें आमिष लागत नाहीं. नरफुलें बारीक दोऱ्यासारख्या, पिवळसर हिरव्या, लोंबत्या मंजिऱ्यांवर असतात. मादीफुलें पानाच्या बगलेंत इतकीं बारीक असतात कीं भिंगावांचून कळूं नयेत. खरी मौज पुढें आहे. आपला आंबा मोहोरापासून चार महिन्यांत हातीं येतो. बांजाच्या फळाला सुमारें दीड वर्ष लागतें. पहिल्या वर्षीं तें ज्वारीच्या दाण्याएवढें होऊन जवळजवळ थांबतें, दुसऱ्या वर्षीं भरतें, आणि त्या हिंवाळ्यांत पिकून पडतें. म्हणून एकाच झाडावर यंदाचे दाणे आणि गेल्या वर्षींचीं पुरतीं फळें एकाच वेळीं दिसूं शकतात. वाटी खवल्यांनीं मढविलेली, लवदार, आणि कोवळेपणीं फळाला बरीच झांकणारी असते.

आतां त्याच्या चार भावंडांविषयीं थोडक्यांत सांगतों. फलियांट हा खालच्या, ओलसर घळींत राहणारा. त्याच्या पानाच्या फक्त वरच्या अर्ध्या भागाला दांते असतात, पाठ निळसर राखी असते, आणि फळाच्या वाटीवर खवल्यांऐवजीं बांगड्या एकावर एक चढवाव्या तशीं कडीं असतात. ही बांगड्यांची खूण लाखांत चुकणार नाहीं. रियांजाचें पान बांजासारखेंच, पण पाठीवरची लोंकर पांढरी नसून गंजल्यासारखी तपकिरी. कुमाऊंत ज्याला तिलोंज आणि गढवालांत मोरू म्हणतात, त्याच्या पानाला लोंकरच नाहीं. दोन्ही बाजू गुळगुळीत आणि हिरव्या, कडेला अणकुचीदार कांटे असले तर असले, नसले तर नसले. सर्वांच्या वर, साधारण ८,००० फुटांपासून जवळजवळ १२,००० फुटांपर्यंत, खरसू. हा मोठा विलक्षण. त्याच्या लहान झाडाचीं आणि खालच्या फांद्यांचीं पानें कांटेरी, तर थोराड झाडाच्या शेंड्याचीं पानें अगदीं गोलसर आणि बिनकांट्यांचीं, पाठ तपकिरी. एकाच झाडावर दोन झाडांचीं पानें दिसावीं असा प्रकार. म्हणून ओक ओळखतांना एकच पान तोडून निकाल देऊं नये. दोन-तीन फांद्यांचीं पानें समोर ठेवावीं. खरसूचें फळ भर पावसाळ्यांत पिकतें, आणि तें इतकें उतावळें असतें कीं कधीं कधीं झाडावर असतांनाच त्याला मोड फुटतो.

नैनीतालला हा सगळा जिना एका दिवसांत चढतां येतो. तलाव सुमारें ६,४०० फुटांवर आहे. त्याच्या भोंवतालच्या उतारांवर बांज आणि तिलोंज आहेत, आणि सुमारें ८,६०० फूट उंच असलेल्या नैना शिखराकडे, ज्याला पूर्वीं चीना पीक म्हणत, चढूं लागलें कीं माथ्याजवळ खरसू भेटतो. मसुरीला बांज खालीं आणि लंढोरच्या बाजूला मोरू. उंचीचा आंकडा पाटीवर वाचून कोणता ओक येणार ह्याचा अंदाज आधीं करावा आणि मग पान उलटून पाहावें, हा खेळ मुलांनाहि आवडण्यासारखा आहे.

लांकडावरून ओळख पटवावयाची झाली तर वाटेवरच्या चहाच्या दुकानाबाहेर रचलेल्या सरपणाकडे पाहावें. ओकच्या ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर मध्यापासून सालीकडे जाणाऱ्या, चाकाच्या आऱ्यांसारख्या रुंद रेषा साध्या डोळ्यांना दिसतात. हें लांकूड कठीण आणि जड आहे, नांगराला व अवजारांच्या दांड्यांना चांगलें, जळणाला आणि कोळशाला तर फारच चांगलें. परंतु वाळतांना तें वळतें आणि तडकतें, म्हणून इमारतीच्या फळ्यांना त्याला मागणी नाहीं.

बांजाच्या नशिबाची गोष्ट ह्या शेवटच्या वाक्यांत आहे. त्याचा शेजारी चीड, म्हणजे पाइन, हा सरळ वाढतो, त्याच्या राळेपासून टर्पेंटाइन निघतें, आणि रेल्वेला त्याचे स्लीपर चालले. इंग्रजी अमदानींत जंगलखात्याच्या दृष्टीनें चीड म्हणजे उत्पन्न आणि बांज म्हणजे सरपण असा हिशेब झाला. शेतकऱ्याचा हिशेब नेमका उलटा होता. बांजाचा पाला गुरें खातात, त्याचा पाचोळा गोठ्यांत अंथरून खत होतें. चिडाच्या सुया गुरें खात नाहींत, त्या कुजावयास वेळ लागतो, आणि उन्हाळ्यांत त्यांना आग लागते. १९२१ सालीं कुमाऊंत जंगलाच्या निर्बंधांविरुद्ध असंतोष भडकला तेव्हां चिडाचीं विस्तीर्ण रानें पेटविण्यांत आलीं. बांजाच्या रानांना मात्र बहुतेक हात लागला नाहीं. पेटविणारांना झाडें ओळखतां येत होतीं. पुढें १९८० सालीं चमोली जिल्ह्यांतील डुंगरी-पैंतोली येथें बांजाचें रान तोडून बटाट्याच्या बियाण्याचें क्षेत्र करण्याचा बेत ठरला. गांवच्या पुरुषमंडळींची त्याला संमति होती. परंतु चारा आणि सरपण ज्यांना पाठीवरून आणावें लागतें त्या स्त्रियांनीं तें रान तोडूं दिलें नाहीं.

पाण्याविषयीं एक शब्द. बांज पाणी देतो, असें पहाडांत सर्रास बोलतात. कोणतेंच झाड पाणी निर्माण करीत नाहीं; उलट आपल्या वाढीसाठीं तें कांहीं वापरतेंच. परंतु बांजाखालचा कुजलेला पाचोळा हातांत घेऊन पिळून पाहिला तर बोलण्याचा अर्थ कळतो. तो स्पंजासारखा पाऊस धरून ठेवतो, मातीला वाहून जाऊं देत नाहीं, आणि मुरलेलें पाणी सावकाश खालीं सोडतो. तें रान उजाड झाल्यावर पावसाचें पाणी उतारावरून धांवत सुटतें. तेव्हां केवळ हिरवें दिसतें म्हणून सगळें रान सारखें, असें समजणारा आणि पानाची पाठ पाहणारा ह्यांत गांवकऱ्यांच्या दृष्टीनें फार मोठें अंतर आहे. 'इतक्या हजार झाडांची लागवड झाली' असें आपण वाचतों. कोणतीं झाडें, हें क्वचितच विचारतों.

म्हणून बांज ओळखल्यावर आणखी एक गोष्ट पाहावी : त्याचीं पिलें. ओकचें बीं रुजतांना त्याचीं दोन बीजदलें कवचांतच जमिनींत राहतात. आधीं मूळ खोल जातें आणि मग बारीक कोंब वर येतो. त्यावरचीं पहिलीं पानें लहान, परंतु आई-बापांसारखींच दांतेरी आणि खालून पांढुरकीं असतात. मोठ्या झाडांखालीं अशीं वीतभर रोपटीं असलीं तर तें रान पुढें चालणार आहे. पुष्कळ ठिकाणीं तीं नसतात. फळें धरण्यापूर्वींच डहाळ्या छाटल्या जातात. धरलेलीं वानरें, अस्वलें, उडत्या खारी आणि नीलकंठाएवढे जे नांवाचे पक्षी खातात. उरलेल्यांत सोंडे-किडे शिरतात. आणि त्यांतूनहि उगवलेल्या रोपट्याला गुरांचीं तोंडें पुरून उरतात. जे पक्ष्यांचा मात्र उपकार मानला पाहिजे, कारण ते फळें मातींत पुरून ठेवतात आणि सगळींच पुन्हां उकरून काढीत नाहींत.

पहाडांत ज्यांचें घर किंवा नातलग असतील त्यांना स्वतः बांज लावून पाहण्याची इच्छा झाली, तर कृति सोपी आहे. हिंवाळ्यांत नुकतीं पडलेलीं, तपकिरी, चकचकीत फळें गोळा करावीं आणि पाण्याच्या बादलींत टाकावीं. तरंगतील तीं बहुधा किड्यांनीं पोखरलेलीं. तीं टाकून द्यावीं. बुडतील तीं चांगलीं. तीं वाळवून पुढच्या वर्षासाठीं ठेवतां येत नाहींत, म्हणून त्याच हंगामांत, वाटी काढून, आडवीं ठेवून, वर दोन बोटें माती आणि तिच्यावर बांजाचाच पाचोळा घालून पेरावीं; आणि पहिलीं कांहीं वर्षें भोंवतीं कांट्यांचें कुंपण ठेवावें.